सगळी बटणं एकदम: जुन्या मेकॅनिकल कीबोर्डला डायोड बसवताना

पाच-सहा बटणं एकदम दाबली की त्यातलं एखादं उमटतच नाही, किंवा न दाबलेलंच एखादं अक्षर मध्ये टपकतं. कीबोर्ड मेकॅनिकल आहे, स्विच चांगले आहेत, बोटंही ठीक आहेत, तरी असं होतं. यावर उपाय आहे आणि तो घरी करता येतो. पण काम किचकट आहे. शंभरावर डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे छोटे भाग), गरम सोल्डरिंग आयर्न, आणि एक-दोन शनिवार-रविवार जाणार हे धरून चाला.

आधी गरज आहे का ते बघा. नुसतं मराठी टाइप करायचं असेल तर हे सगळं कशालाच नको. इनस्क्रिप्टमध्ये जोडाक्षर लिहितानाही बटणं एकामागोमाग दाबली जातात. एकदम दाबायची वेळ येते ती मुख्यतः शिफ्टसोबत. खरी गरज पडते ती वेगळ्या लोकांना. एकाच कीबोर्डवर दोघं गेम खेळत असतील, कीबोर्डवर हार्मोनियमसारखे स्वर वाजवायचे असतील, सहा बटणांनी ब्रेल टाइप करायची असेल, किंवा प्लोव्हर हे सॉफ्टवेअर वापरून स्टेनो, म्हणजे यंत्रावरचं लघुलेखन, शिकायचं असेल, तर.

ब्रेलचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. एफ, डी, एस ही बटणं म्हणजे टिंब १, २, ३ आणि जे, के, एल म्हणजे ४, ५, ६. भारती ब्रेलमध्ये ‘क’ला टिंब १ आणि ३, म्हणजे दोनच बटणं. पण ‘क्ष’ला १ ते ५ अशी पाचही टिंबं लागतात, म्हणजे पाच बटणं एकदम. कीबोर्डने त्यातलं एक गिळलं की ‘क्ष’च्या जागी भलतंच अक्षर उमटतं, आणि लिहिणाऱ्याला डोळ्यांनी तपासायची सोय नसते.

स्टेनोचं प्रकरण आणखी पुढचं. आपल्याकडे लघुलेखन म्हटलं की वही-पेन्सिल आठवते, पण अमेरिकेतल्या कोर्टांत स्टेनो मशीन चालतं आणि त्यात एका ठोक्यात अख्खा शब्द किंवा शब्दाचा तुकडा दाबला जातो. तेच साध्या कीबोर्डवर करता यावं म्हणून न्यू यॉर्कच्या कॅप्शनर (बोललेलं लगेच मजकुरात उतरवणाऱ्या) मिराबाई नाइट यांनी २०१० साली प्लोव्हर हा मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प सुरू केला. त्यात एक बोट दोन बटणांच्या मधल्या फटीवर ठेवून दोन्ही एकदम दाबायची पद्धत आहे. त्यामुळे दहा बोटांत दहापेक्षा जास्त बटणं दाबली जातात.

## १. अडतंय कुठे ते शोधा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, आणि बहुतेक लोक नेमका हाच टाळतात. बटण हरवण्याच्या जागा तीन आहेत: तारांची जाळी, कंट्रोलर चिप, आणि यूएसबीवरून जाणारा निरोप. एकच जागा दुरुस्त केली आणि बाकीच्या दोन तशाच राहिल्या तर मेहनत पाण्यात जाते. डायोड बसवून झाल्यावर ‘फरक काहीच नाही’ म्हणणारे असतात, त्यांचं बहुधा हेच झालेलं असतं.

जाळी. १०४ बटणांना १०४ तारा ओढणं महाग पडतं. म्हणून कीबोर्डमध्ये आडव्या आणि उभ्या रेघांची जाळी असते. ८ आडव्या आणि १८ उभ्या रेघा घेतल्या की २६ तारांत १४४ जागा मिळतात. कंट्रोलर एकेक रेघ तपासत सेकंदाला शेकडो फेऱ्या मारतो. आता समजा क्यू आणि डब्ल्यू एका आडव्या रेघेवर आहेत, ए आणि एस दुसऱ्या आडव्या रेघेवर. क्यू-ए एका उभ्या रेघेवर, डब्ल्यू-एस दुसऱ्या. क्यू, डब्ल्यू आणि ए एकदम दाबलं की वीज त्या तीन बंद स्विचमधून वळसा घालून चौथ्या कोपऱ्यावर पोचते, आणि कंट्रोलरला वाटतं एससुद्धा दाबलंय. याला घोस्टिंग, म्हणजे भूत दिसणं, म्हणतात. प्रत्येक स्विचसोबत एक डायोड लावला की वीज एकेरी रस्त्यावरच्या गाडीसारखी एकाच दिशेने जाते आणि तो वळसा बंद होतो.

कंट्रोलर. उत्पादकांना हा घोळ माहीत असतो. डायोडचे पैसे वाचवायचे म्हणून ते चिपमध्येच अशी सोय करतात की चौकोनाचे तीन कोपरे दाबले गेले तर तिसरं बटण सरळ दुर्लक्षायचं. भूत दिसत नाही, पण खरं बटणही मरतं. तुम्ही नंतर डायोड लावले तरी त्या चिपला ते कळत नाही. ती आपली तिसरं बटण गिळतच राहते.

यूएसबी. कीबोर्डच्या साध्या यूएसबी निरोपात ८ बाइट असतात. पहिल्यात कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट, विंडोज ही डावी-उजवी मिळून आठ बटणं, दुसरा राखीव, आणि उरलेल्या सहांत सहा बटणांचे क्रमांक. म्हणून सातवं बटण बसत नाही. याला दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक बटणाला एक बिट देणं: १०४ बटणं १३ बाइटमध्ये मावतात आणि मर्यादाच उरत नाही. हा प्रकार म्हणजे एन-की रोलओव्हर. जुन्या पीएस/२ जोडणीत ही अडचण नव्हती, कारण तिथे प्रत्येक दाब आणि प्रत्येक सुटणं वेगळं कळवलं जातं.

म्हणजे बघा, ब्रेलवाल्याला सहा बटणं पुरतात, त्यामुळे त्याची अडचण यूएसबीत नसते, जाळीत किंवा चिपमध्ये असते. स्टेनोवाल्याला मात्र तिन्ही जागा मोकळ्या हव्यात.

## २. चाचणी

ब्राउझरमध्ये चालणारी कीबोर्ड तपासायची पानं भरपूर आहेत, त्यातलं कुठलंही चालेल. लिनक्सवर ‘ईव्हीटेस्ट’ जास्त भरवशाचं, कारण ब्राउझर काही जोड्या स्वतःच्या शॉर्टकटसाठी खाऊन टाकतो.

- दोन्ही शिफ्ट दाबून धरा आणि ए ते झेड सगळी अक्षरं एकेक टाइप करा. काही गाळली गेली तर जाळीत किंवा चिपमध्ये अडचण आहे.
- क्यू, डब्ल्यू, ए, एस अशी चौकटीतली बटणं वेगवेगळ्या क्रमाने दाबा. चौकट बदलत जा. छापलेल्या अक्षरांची रचना आणि आतल्या तारांची रचना एकसारखी असेलच असं नाही, त्यामुळे एक चौकट चालली म्हणून खूश होऊ नका.
- आता तळहात टेकवून दहा-बारा बटणं एकदम दाबा. दर वेळी बरोबर सहाच दिसली, आणि कुठलीही सहा चालतात असं आढळलं, तर अडचण फक्त यूएसबीची आहे. डायोड आधीच आहेत. आयर्न तापवू नका. मॅन्युअलमध्ये एफएनसोबत एखादं बटण दाबून एन-की चालू करायची सोय दिलीय का बघा. नव्या कीबोर्डांत बहुधा असते.
- दोन चालली, तिसरं कधी चालतं कधी नाही, असं असेल तर पुढे वाचा.

कीबोर्डच्या नावावरून निष्कर्ष काढू नका. आपल्याकडे बँकांत आणि डीटीपीच्या दुकानांत टिकटिकणारे टीव्हीएस गोल्ड किंवा चेरीचे जुने जी८० यांच्यासुद्धा वर्षांनुवर्षांत वेगवेगळ्या आवृत्त्या निघाल्यात. चाचणी काय सांगते तेच खरं.

## ३. उघडा आणि ठरवा

कीकॅप काढा, खालचे स्क्रू काढा. एखादा स्क्रू नेहमी स्टिकरखाली लपलेला असतो. तो न काढता पेचकस घालून उचकटाल तर कडेची प्लास्टिकची जीभ तुटते.

आत प्लास्टिकचे पातळ पापुद्रे दिसले तर तो मेम्ब्रेन कीबोर्ड. त्याला डायोड लावता येत नाहीत, झाकून ठेवा. सोल्डर केलेले स्विच असलेला पीसीबी (तांब्याच्या रेघा छापलेली पाटी) दिसला तर तो उलटा करून बघा:

- प्रत्येक स्विचजवळ छोटा डायोड आहे. काचेचा, नाहीतर काळ्या तुकड्यासारखा. मग जाळी ठीक आहे. कंट्रोलर किंवा त्याचं फर्मवेअर (चिपमधला प्रोग्रॅम) बदलायचं. पायरी ५ चा नकाशा काढा आणि थेट पायरी ७ वर जा.
- प्रत्येक स्विचखाली चार भोकं आहेत. चेरी एमएक्स स्विचच्या पोटात डायोड घालायची जागा मुळातच ठेवलेली असते, खालच्या प्लास्टिकवर त्याची खूणही असते. पीसीबीवर त्या भोकांच्या जागी नुसती तार घातलेली दिसली आणि ती स्विचच्या रांगेतच आहे असं मल्टिमीटरने पटलं, तर नशीबवान आहात. तार काढा, डायोड घाला.
- एका बाजूनेच तांबं असलेला तपकिरी पीसीबी. जुन्या कीबोर्डांत हाच जास्त. काम होतं, वेळ लागतो.
- दोन्ही बाजूंनी तांबं, भोकांना आतून मुलामा. इथे पाय सुटा करणं फार त्रासाचं. स्विच धातूच्या पट्टीत बसवलेले असतील तर सगळे स्विच मोकळे करून, पीसीबी बाजूला ठेवून, पट्टीच्या मागे हाताने नवी जाळी विणणं सोपं जातं.

इथे थांबून एक हिशेब करा. प्लोव्हरच्या इंग्रजी स्टेनोला २३ बटणं लागतात. रास्पबेरी पाय पिको या छोट्या कंट्रोलर बोर्डाला २६ वापरण्याजोग्या पिना आहेत. म्हणजे २३ सुटे स्विच घेऊन प्रत्येकाला स्वतःची पिन दिली तर जाळीच नको आणि एकही डायोड नको. ब्रेलला तर सहा बटणं आणि स्पेसबार, संपलं. पूर्ण कीबोर्डच बदलायचा हट्ट नसेल तर हा छोटा वेगळा कीबोर्ड मला जास्त शहाणपणाचा वाटतो. आणि स्टेनो नुसतं चाखून बघायचं असेल तर प्लोव्हरमध्ये ‘अर्पेजिएट’ नावाची सोय आहे: बटणं एकेक दाबायची आणि शेवटी स्पेस. गती येत नाही, पण आवड आहे की नाही ते फुकटात कळतं.

तरीही जुना कीबोर्डच हवा? मग चला.

## ४. साहित्य

- डायोड १एन४१४८, बटणांच्या संख्येपेक्षा वीसेक जास्त. १०४ बटणांना १२५ घ्या. एकाला रुपया-दोन रुपये पडतात.
- रास्पबेरी पाय पिको, एक नग. प्रो मायक्रो स्वस्त असतो, पण त्याला १८ पिना. ९ गुणिले ९ केलं तरी ८१ बटणंच होतात. पूर्ण कीबोर्डला तो पुरत नाही.
- तापमान ठरवता येणारा सोल्डरिंग आयर्न. २५ वॅटचा साधा चालेल, पण जुन्या पीसीबीवर तो जरा जड हाताचा पडतो.
- ०.८ मिमी सोल्डर वायर, ६०/४० ची. फ्लक्सची डबी.
- डीसोल्डरिंग पंप आणि तांब्याची विक (सोल्डर शोषून घेणारी जाळीदार पट्टी).
- मल्टिमीटर. बीप आणि डायोड मोड दोन्ही हवेत.
- बारीक एकपदरी वायर, दोन-तीन रंगांत.
- पेपर कटर, बारीक निपर, चिमटा, कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी), आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश.

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्लीत हे सगळं एका फेरीत मिळतं. एक सांभाळा: नुसतं ‘डायोड द्या’ म्हणालात तर ४००७ हातात पडायची शक्यता फार. तो वीजपुरवठ्याच्या कामाचा, संथ, आणि त्याचे पाय इतके जाड की कीबोर्डमध्ये वळवता वळवता पीसीबीचं तांबं उचकटतं. ‘४१४८, काचेचा’ असं स्पष्ट सांगा.

सोल्डरमध्ये शिसं असतं. खिडकी उघडी ठेवा आणि काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय चहाला बसू नका.

## ५. जाळीचा नकाशा

काही कापण्याआधी हे करा. नंतर जमणार नाही.

कंट्रोलर चिपच्या पिनांना क्रमांक द्या. मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक एस्केप बटणाच्या एका पायाला लावा, दुसरं टोक चिपच्या पिनांवरून सरकवत न्या. जिथे वाजेल तो क्रमांक लिहा. मग एस्केपचा दुसरा पाय. असं प्रत्येक बटणाचं. स्प्रेडशीटमध्ये तीन रकाने पुरतात: बटण, पहिल्या पायाची पिन, दुसऱ्या पायाची पिन.

वीसेक बटणं झाली की चित्र उलगडायला लागतं. काही पिना फार वेळा येतात, त्या आडव्या रेघा, बहुधा आठ. बाकीच्या उभ्या. शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट यांना बहुतेक वेळा स्वतंत्र उभ्या रेघा दिलेल्या असतात. म्हणूनच साध्या कीबोर्डवरही कंट्रोल-शिफ्टसोबत तिसरं बटण चालतं.

तक्ता झाला की पीसीबीच्या मागच्या बाजूचा स्वच्छ उजेडात फोटो काढा आणि फोटोवर प्रत्येक स्विचच्या आडव्या रेघेकडच्या पायाला लाल ठिपका द्या. हा फोटो पुढचा सगळा वेळ समोर ठेवा.

## ६. डायोड बसवणं

नियम एकच: वीज उभ्या रेघेकडून आडव्या रेघेकडे जायला हवी, सगळ्या बटणांत. डायोडच्या एका टोकाला काळा पट्टा असतो. काळा पट्टा नेहमी आडव्या रेघेच्या दिशेला.

यातली एक सवलत फारसं कुणी सांगत नाही. डायोड स्विचच्या कुठल्या पायाशी लावता याने फरक पडत नाही, दिशा तेवढी बरोबर हवी. आडव्या रेघेकडच्या पायाशी जागा नसेल तर उभ्या रेघेकडच्या पायाशी लावा: पट्टा नसलेलं टोक रेघेला, पट्ट्याचं टोक स्विचच्या पायाला. यामुळे अर्धी डोकेदुखी कमी होते, कारण प्रत्येक स्विचला सोयीचा पाय निवडता येतो.

आता तो पाय रेघेपासून तोडायचा कसा? तीन परिस्थिती येतात.

रेघ त्या पायापाशी संपते. सगळ्यात सोपं. पायापासून तीन-चार मिलिमीटरवर पेपर कटरने रेघेवर दोन समांतर काप द्या, मिलिमीटरभर अंतराचे, आणि मधली तांब्याची पापडी टोकाने उचलून काढा. नुसता एक काप दिला तर दिसायला तुटलेलं असतं, पण तांब्याचा केसाएवढा धागा राहतो. बीप करून बघा. मग रेघेवरचा हिरवा लेप पलीकडच्या बाजूला तांबं चमकेपर्यंत खरवडा, तिथे फ्लक्स आणि सोल्डरचा थेंब द्या. डायोडचं एक टोक त्या थेंबात, दुसरं स्विचच्या पायाच्या जुन्या सोल्डरमध्ये.

रेघ त्या पायातून पुढे जाते. दोन्ही बाजूंना तोडा, दोन तुटलेली टोकं बारीक वायरने जोडा, आणि डायोड त्या वायरपासून पायापर्यंत. वायर जोडायला विसरलात तर पुढची आठ-दहा बटणं एकदम मरतात, त्यामुळे चूक लगेच कळते.

रेघ रुंद आहे किंवा कापायला जागाच नाही. मग सोल्डर पंपाने पूर्ण काढा. एका बाजूच्या पीसीबीत भोकाला मुलामा नसतो, त्यामुळे पाय भोकात मोकळा उभा राहतो. तो मध्यभागी आणा, भोकाभोवतीच्या तांब्याच्या कड्याला लागत नाही ना ते बघा, आणि डायोड पायापासून कड्यापर्यंत लावा. धातूची पट्टी नसलेल्या कीबोर्डवर हा प्रकार शक्यतो टाळा. तिथे स्विचला घट्ट धरायचं काम सोल्डरच करत असतं, आणि एक पाय सुटला की बटण डुगडुगतं.

हाताची काळजी: ३२० ते ३५० अंश, एका जोडाला दोन-तीन सेकंद. तपकिरी पीसीबीवर जास्त वेळ टेकवलंत तर तांब्याचं कडं पापुद्र्यासारखं सुटून येतं. सुटलंच तर घाबरू नका, त्याच रेघेवर पुढची उघडी जागा शोधून तिथपर्यंत वायर न्या. डायोड वाकवताना काचेपासून किमान दोन मिलिमीटर सोडून वाकवा. चिमट्याने पाय काचेजवळ धरायचा आणि उरलेलं टोक बोटाने वळवायचं, म्हणजे ताण काचेवर येत नाही. अगदी लगत वाकवला तर काचेला चीर जाते. ती दिसत नाही, पण चार महिन्यांनी एकच बटण अधूनमधून रुसायला लागतं.

पाय दुसऱ्या रेघांवरून जात असतील तिथे खाली कॅप्टॉन टेप लावा. जुन्या लेपावर विश्वास ठेवू नका.

आणि सगळे लावून मग तपासू असं करू नका. एक आडवी रेघ झाली की मीटर डायोड मोडवर घ्या, लाल टोक उभ्या रेघेला, काळं टोक आडव्या रेघेला, बटण दाबा. ०.५ ते ०.७ च्या दरम्यान आकडा यायला हवा. टोकं उलटी केली की काहीच नाही. दोन्हीकडून आकडा आला तर काप अपुरा आहे; उलट्या बाजूनेच आला तर डायोड उलटा.

## ७. जुनी चिप काढा, पिको जोडा

जुनी चिप तिथेच ठेवून शेजारी पिको जोडायचा मोह होतो. तसं करू नका. चिपला वीज दिली नाही तरी तिच्या पिनांना आतून संरक्षक डायोड असतात आणि ते तुमच्या रेघा एकमेकींत अडकवतात. चिप काढायचीच. परत लागणार नसेल तर निपरने पाय कापून घ्या आणि उरलेले खुंट एकेक करून काढा. पीसीबीसाठी तेच कमी जोखमीचं.

चिपच्या आसपास रोधांची (रेझिस्टरांची) रांग किंवा काळी लांब पट्टी दिसली तर ती कुठे जाते ते तपासा. जाळीच्या रेघा वीजपुरवठ्याच्या एका समाईक रेघेला जोडणारे रोध असतील तर तेही काढा. राहिले तर सगळ्या रेघा हलक्याशा एकमेकींना बांधलेल्या राहतात आणि डायोड लावूनही भुतं दिसतात. पिकोच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, त्यांना ५ व्होल्ट लागू देऊ नका. जुनी केबल पूर्ण सोडवा. आता पिकोची स्वतःची यूएसबी केबल वापरायची.

पिनांचा हिशेब आधी कागदावर करा. ८ आडव्या आणि १८ उभ्या म्हणजे २६, पिकोच्या पिना तिथेच संपल्या. कॅप्स लॉकच्या दिव्याला जागा उरत नाही. हाताने नवी जाळी विणत असाल तर ८ गुणिले १४ ठेवा: ११२ जागा, २२ पिना, आणि तिन्ही दिव्यांना धरून २५.

आडव्या रेघांना एक रंग, उभ्यांना दुसरा. पिको कव्हरच्या आत मावेल अशा जागी दुतर्फी टेपने चिकटवा, पण त्याचं छोटं बूटसेल बटण बोटाला लागेल असं. पुन्हा पुन्हा लागतं ते.

## ८. फर्मवेअर

क्यूएमके हे कीबोर्डसाठीचं फर्मवेअर वापरा. मुक्त आहे, पिकोवर चालतं, आणि अडलात तर उत्तरं सापडतात. त्याच्या कीबोर्डच्या फाइलमध्ये चार गोष्टी भरायच्या: आडव्या रेघांच्या पिना, उभ्या रेघांच्या पिना, डायोडची दिशा, आणि तुमच्या तक्त्यानुसार कुठलं बटण कुठल्या छेदावर. दिशेसाठी ‘उभ्याकडून आडव्याकडे’ हा पर्याय निवडा; पायरी ६ त्याच हिशेबाने केली आहे. चुकून उलटा निवडलात तर एकही बटण चालत नाही, सोल्डर मात्र ठीक असतं. अशा वेळी फाइलमधला एक शब्द बदला, आयर्न हातात घेऊ नका.

मग एन-की रोलओव्हरची सोय फाइलमध्ये चालू करा, आणि ती चालू-बंद करणारं बटण एखाद्या एफएन जोडीवर ठेवा. इथे बरेच जण फसतात: सोय फर्मवेअरमध्ये घातली म्हणजे ती चालू झाली असं नाही. ते टॉगल एकदा दाबावं लागतं, मग कीबोर्ड ते लक्षात ठेवतो.

फाइल तयार झाली की बूटसेल दाबून धरत केबल लावा. संगणकावर पेन ड्राइव्हसारखं एक ड्राइव्ह उघडतं, त्यात फाइल टाका, ते आपोआप बंद होतं आणि कीबोर्ड सुरू होतो. विंडोज, लिनक्स, मॅक कुणालाच वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

## ९. परत तपासा

पायरी २ मधल्या चाचण्या पुन्हा. यावेळी दोन्ही तळहात टेकवून बघा. सगळं पान उजळायला हवं. नाही उजळलं तर:

- सहाच दिसतात. टॉगल दाबायचं राहिलंय.
- एक पूर्ण आडवी किंवा उभी ओळ मेलेली. एक वायर सुटलीय किंवा पिनचा क्रमांक चुकलाय.
- एकच बटण मेलेलं. डायोड उलटा, किंवा जोड कोरडा. फ्लक्स लावून पुन्हा तापवा.
- तीन दाबली की चौथं आपोआप. त्या चौकटीतल्या एका बटणाचा काप अपुरा आहे, किंवा रोधांची पट्टी राहिलीय. चारही बटणं मीटरने उलट्या दिशेने तपासा.
- एका दाबात दोनदा उमटतं. डायोडचा संबंध नाही, स्विच जुना झालाय. क्यूएमकेमधली डीबाउन्सची (स्विचची थरथर दुर्लक्षायची) वेळ ५ मिलिसेकंद असते, ती थोडी वाढवा.

ब्रेलवाल्यांनी ‘क्ष’ हळू, झटक्यात, तिरक्या बोटांनी असा सगळ्या तऱ्हांनी दाबून बघावा. पाचही बोटं एकाच क्षणी पडत नाहीत, आणि त्याची गरजही नाही. प्लोव्हरही सगळी बटणं सुटल्यावरच ठोका पूर्ण धरतो.

काही जुन्या संगणकांचं बायॉस (संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) आणि काही केव्हीएम स्विच (एकच कीबोर्ड अनेक संगणकांना जोडणारी पेटी) हे बिटवाला निरोप समजत नाहीत. तिथे कीबोर्ड मुका झाला तर टॉगलने साध्या सहा बटणांवर या, काम उरका, परत चालू करा. म्हणूनच ते टॉगल कायमचं चालू अवस्थेत बांधून टाकू नका, आणि कुठल्या जोडीवर ठेवलंय ते कीबोर्डच्या पोटाशी चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवा. पिनांचा तक्ताही त्याच चिठ्ठीवर.